फातोर्डा स्टेडियमचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात आमच्याकडे गोव्यात कुडाळ-सावंतवाडीकडचे पाहुणे येतात. समुद्र, देवळं, बाजार असं सगळं झालं की फातोर्ड्यावरून जाताना दिव्यांचे उंच खांब दिसतात आणि प्रश्न सुरू होतात. वर्षानुवर्षं तेच प्रश्न आणि माझी तीच उत्तरं. शेवटी एकदा लिहूनच काढली.

स्टेडियमचं खरं नाव काय?

कागदावर पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, बोलण्यात फातोर्डा. रिक्षावाल्याला किंवा पायलटला (आमच्याकडे भाड्याने मागे बसवून नेणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पायलट म्हणतात) "नेहरू स्टेडियम" म्हटलंत तर तो क्षणभर थांबेल आणि मग "फातोर्डा न्ही?" असं विचारून खात्री करून घेईल. नेहरूंच्या नावाची स्टेडियमं दिल्ली, कोची, चेन्नई अशी देशभर आहेत, त्यामुळे गावाचं नाव चिकटलं ते सोयीचंच झालं.

ते मडगावात आहे की फातोर्ड्यात?

दोन्ही बरोबर. फातोर्डा हा मडगावचाच उत्तरेकडचा भाग, सासष्टी तालुक्यात. फातोर्ड्याची माणसं मात्र हे उत्तर पूर्ण मान्य करणार नाहीत.

स्टेडियम कधी उभं राहिलं?

1989 मध्ये. ते नेहरूंच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. नेहरू चषक ही आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा त्या वर्षी मडगावला झाली. त्याआधीची सलग चार वर्षं तो चषक सोव्हिएत संघाने नेला होता. मडगावात अंतिम सामन्यात हंगेरीने त्यांना 2-1 असं हरवलं. सोव्हिएत संघ पुढे दोन-तीन वर्षांत नकाशावरूनच गेला. आमच्या वडिलांच्या पिढीतली माणसं अजून सांगतात, "आम्ही रशियाला हरताना पाहिलंय," आणि ते मडगावात, ही गोष्ट त्यांना दिल्लीतल्या कुठल्याही बातमीपेक्षा मोठी वाटते.

मग 1989-90 ची संतोष करंडक ही राज्याराज्यांमधली स्पर्धाही मडगावात झाली. अंतिम फेरीत गोव्याने केरळला 2-0 असं हरवलं. गोव्याने हा करंडक त्याआधीही जिंकला होता. 1983 मध्ये बंगालसोबत विभागून आणि पुढच्या वर्षी एकट्याने. पण ते बाहेरगावी. घरच्या अंगणात, आपल्याच माणसांसमोर करंडक उचलण्याची गोष्ट वेगळी. नवं घर बांधल्यावर पहिल्याच वर्षी घरात लग्न लागावं, तसं झालं ते.

गोव्यात फुटबॉल पोर्तुगीजांनी आणला ना?

सगळ्यांना असंच वाटतं. साडेचारशे वर्षं राज्य केलं म्हणजे फुटबॉलही त्यांचाच असणार, असा हिशोब असतो. पण फुटबॉल गोव्यात आला तो ब्रिटिश हिंदुस्थानाच्या वाटेने. 1883 मध्ये विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे ब्रिटिश धर्मगुरू प्रकृती सुधारण्यासाठी बार्देशातल्या शिवोलीला येऊन राहिले आणि त्यांनी तिथल्या मुलांना हा खेळ शिकवला, अशी नोंद आहे. पुढे तो चर्चच्या शाळांमधून पसरला. पोर्तुगीजांनी त्याला नंतर संघटना दिली. गोव्याची फुटबॉल संघटना 1959 ची, म्हणजे मुक्तीच्या दोनच वर्षं आधीची.

पोर्तुगीज भाषेचा धागा मात्र मैदानात अजून सापडतो. एफसी गोवाचे पाठीराखे "फोर्सा गोवा" ओरडतात, त्यातला "फोर्सा" पोर्तुगीज. जोर लावा, एवढाच अर्थ. बाकी गॅलरीतल्या शिव्या शुद्ध कोकणीत असतात आणि त्यांचा अनुवाद मी पाहुण्यांना करून देत नाही.

स्टेडियम नव्हतं तेव्हा लोक कुठे खेळायचे?

शेतात. विनोद नाही. सरदीचं (पावसाळी) भात कापून झालं की शेतं उघडी पडतात, जमीन कडक होते, बांधावर माणसं बसतात आणि मध्ये मॅच. सासष्टीतल्या गावागावांत आजही आंतरग्राम स्पर्धा होतात आणि काही वेळा तिथली गर्दी पाहून मोठ्या क्लबांना हेवा वाटावा. कापलेल्या भाताच्या खुंटांवर अनवाणी खेळलेल्या पायाला पुढे कुठल्याही मैदानाची भीती वाटत नाही, असं आमचे मामा म्हणायचे. मामा स्वतः बॅकला खेळायचे. त्यांच्या नडग्या पाहिल्या तर पटायचं.

मोठे सामने वास्कोच्या टिळक मैदानावर, पणजीच्या पोलीस मैदानावर व्हायचे. म्हापशाचं धुळेर स्टेडियम बार्देशकरांचं. भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाच्या चषकाच्या आठवणी काढणारी माणसं अजून भेटतात. ताळगावचा पोरगा ब्रह्मानंद शंखवाळकर अशाच मैदानांवर गोलरक्षक म्हणून घडला, 1983 ते 1986 या काळात भारताचा कर्णधार झाला आणि 2022 मध्ये पद्मश्री झाला. फातोर्डा उभं राहिलं तेव्हा गोव्याचा फुटबॉल वयात आलेला होता. त्याला फक्त हक्काचं छप्पर हवं होतं (खरं छप्पर मिळायला आणखी पंचवीस वर्षं लागली, ते पुढे येईल).

इथे क्रिकेटचे सामने झाले होते, हे खरं का?

खरं, आणि एक-दोन नव्हेत. पहिला 25 ऑक्टोबर 1989 रोजी, ऑस्ट्रेलिया विरुद्ध श्रीलंका. म्हणजे ज्या वर्षी हंगेरी आणि सोव्हिएत संघ इथे खेळून गेले, त्याच वर्षी अॅलन बॉर्डरचा संघही आला. ऑस्ट्रेलिया जिंकली. पुढच्या वर्षी डिसेंबरात भारत श्रीलंकेकडून हरला. 1997 मध्ये पुन्हा श्रीलंका आली आणि पुन्हा भारत हरला. श्रीलंकेचं आणि फातोर्ड्याचं काय गूळपीठ होतं कोण जाणे.

सगळ्यात गाजलेला सामना 6 एप्रिल 2001 चा. कोलकात्यातल्या त्या ऐतिहासिक कसोटीनंतर ऑस्ट्रेलियाचा संघ पाच एकदिवसीय सामने खेळत होता. मालिका 2-2 अशी बरोबरीत होती आणि निकाल मडगावात लागणार होता. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने 101 धावा केल्या. मायकेल बेव्हनने नाबाद 87 करून सामना काढून नेला आणि मालिका ऑस्ट्रेलियाची झाली. पण गोव्यात त्या दिवसाची आठवण निघते ती बनावट तिकिटांवरून. हातात खरं तिकीट असलेली माणसं दरवाजाबाहेर उभी आणि आत मुंगीला शिरायला जागा नाही. त्या प्रकरणाचा खटला पुढे वर्षानुवर्षं चालला. आमच्या ओळखीत अजून दोघेजण तरी ते न फाडलेलं तिकीट जपून ठेवून आहेत.

2006 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडविरुद्ध युवराज सिंगने 103 केल्या, कोवळ्या सुरेश रैनाने 61, आणि भारत 49 धावांनी जिंकला. 2007 च्या फेब्रुवारीत श्रीलंकेचंही ऋण फिटलं. धोनी नाबाद 67, भारत पाच गडी राखून विजयी.

मग क्रिकेट बंद का झालं?

24 ऑक्टोबर 2010 रोजी भारत-ऑस्ट्रेलिया सामना होता. पाऊस पडला. एकही चेंडू न टाकता सामना रद्द झाला, आणि फातोर्ड्यातला आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा अध्याय तिथेच भिजून संपला.

खरी अडचण पावसाची नाही, दोन खेळ एकाच जमिनीवर नांदत नाहीत ही आहे. क्रिकेटला मध्यभागी कडक, दाबलेली खेळपट्टी लागते. फुटबॉलला सगळीकडे सारखं, मऊ, पाणी पिणारं गवत लागतं. मध्यरेषेजवळ चेंडू दगडावर पडल्यासारखा उसळायला लागला की फुटबॉलवाले कुरकुरतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. शिवाय 2012 मध्ये सरकारने फुटबॉलला गोव्याचा राज्य खेळ जाहीर केलं. निकाल कोणाच्या बाजूने लागणार हे मग स्पष्ट होतं. मी स्वतः क्रिकेटवेडा, तरी मला हा निकाल योग्य वाटतो.

गोव्याच्या क्लबांचा सुवर्णकाळ म्हणतात तो कोणता?

इथे जरा थांबतो, कारण हे बाहेरच्यांना खरंच माहीत नसतं. राष्ट्रीय लीग 1996 मध्ये सुरू झाली. 1998-99 मध्ये साळगावकरने ती पहिल्यांदा गोव्यात आणली, 2004-05 मध्ये धेंपोने. आणि मग 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात हंगाम देशाचा विजेता गोव्याचाच होता. धेंपो, धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. जनगणनेत पंधरा लाखही न भरणारं राज्य, आणि कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल सात वर्षं विजेतेपदाविना राहिले. धेंपोची पाचही विजेतेपदं आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली आली. समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा ही नावं तेव्हा घराघरात होती.

गंमत अशी, की या काळात फातोर्ड्याची गॅलरी पुष्कळदा अर्धीही भरत नसे. दुपारी चारच्या उन्हात, उघड्या पायऱ्यांवर, वर्तमानपत्राची टोपी करून बसलेली शे-दोनशे माणसं आणि समोर देशातला सर्वोत्तम संघ. आज त्या दिवसांबद्दल हळहळणाऱ्यांत तेव्हा घरी झोपलेले बरेच आहेत. 2016 मध्ये राष्ट्रीय लीगच्या नव्या रचनेवर नाराज होऊन साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तिघांनी तिथून अंग काढून घेतलं. धेंपो काही वर्षांनी परतला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

आत किती माणसं मावतात?

सुमारे 19,000. पूर्वी सिमेंटच्या पायऱ्यांवर खेटून बसत तेव्हा याहून बरीच जास्त मावायची. जानेवारी 2014 मध्ये गोव्यात लुसोफोनिया स्पर्धा झाल्या. पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या या स्पर्धा. त्यासाठी स्टेडियमची मोठी डागडुजी झाली. स्वतंत्र खुर्च्या बसल्या आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर आलं. 2011 च्या जनगणनेचा आकडा धरला तर गोव्यातल्या दर 77 माणसांमागे इथे एक खुर्ची आहे. बाकीच्या 76 जणांना मैदानातल्या खेळाडूपेक्षा चांगलं खेळता येतं, हे कुठल्याही चहाच्या गाड्यावर कळतं.

एफसी गोवा कधीपासून इथे खेळतो?

2014 पासून, इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हापासून. पहिले प्रशिक्षक ब्राझीलचे झिको, पहिल्या वर्षी संघात फ्रान्सचा विश्वविजेता रोबेर पिरेस. संघाच्या चिन्हावर गवा आहे, आमचा राज्यप्राणी. पूर्वेच्या खालच्या गॅलरीत बसणारे कट्टर पाठीराखे स्वतःला ईस्ट लोअर आर्मी म्हणवतात. शांतपणे मॅच बघायची असेल तर तिथलं तिकीट काढू नका.

17 नोव्हेंबर 2015 रोजी मुंबई सिटीला इथे 7-0 असं धुतलं. डुडू आणि थोंगखोसिएम हाओकिप या दोघांनीही तीन-तीन गोल केले. त्या रात्री मला मुंबईच्या आतेभावाचा फोन आला नाही, मीच केला.

2015 ची फायनल इतकी का सलते?

कारण ती घरात हरलो. 20 डिसेंबर 2015, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. मध्यंतरापर्यंत गोल नाही. मग चेन्नईयिनला पेनल्टी मिळाली. गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने ती अडवली, पण चेंडू परत ब्रुनो पेलिसारीच्याच पायात गेला आणि 0-1. चार मिनिटांत हाओकिपने बरोबरी केली. 87 व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर चेंडू जाळ्यात घातला आणि 2-1. तुम्ही कल्पना करा. नाताळला पाच दिवस उरलेले, मडगावभर तारे लागलेले, आणि आता फक्त तीन मिनिटं काढायची होती. माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली ती सोडलीच नाही.

नव्वदाव्या मिनिटाला गोलसमोरच्या झोंबाझोंबीत चेंडू कट्टीमणीला लागून आत गेला. स्वयंगोल. 2-2. जादा वेळ होईल म्हणून लोक सावरत होते तोवर भरपाईच्या मिनिटांत स्टीव्हन मेंदोझाने तिसरा मारला. 2-3. शेजारच्याने मिठी सोडली. 19,000 माणसं इतकी गप्प होऊ शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

इथे इतक्या फायनल झाल्या, त्या गोव्याच्या होत्या का?

नाही ना. हेच तर. 2015 धरून आयएसएलच्या पाच फायनल फातोर्ड्यात झाल्या, आणि त्यातल्या 2020 ते 2023 या सलग चार. त्या चारांत एफसी गोवा एकदाही नव्हता. दुसऱ्यांची लग्नं आपल्या मांडवात.

मार्च 2020 ची फायनल रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. कोलकात्याच्या एटीकेने चेन्नईयिनला 3-1 असं हरवलं, आणि दहा-अकरा दिवसांत देश बंद झाला. नंतरचे दोन्ही हंगाम अख्खी स्पर्धाच गोव्यात कोंडली गेली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर सगळ्या संघांचे सगळे सामने. देशातला सगळा मोठा फुटबॉल आमच्या दारात होता आणि आम्ही तो टीव्हीवर बघत होतो. दिवे लागलेले दिसायचे, शिट्टी ऐकू यायची, दरवाजा बंद. 2021 च्या एप्रिलमध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला, भारतातला पहिला क्लब म्हणून. पहिल्याच सामन्यात कतारच्या अल रय्यानला 0-0 असं रोखलं, ज्यांचे प्रशिक्षक होते 1998 च्या विश्वविजेत्या फ्रान्सचे लोराँ ब्लाँ. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने गोलही केला. तेही रिकाम्या खुर्च्यांसमोर.

वर्ल्ड कपचे सामने इथे झाले का?

दोनदा, दोन्ही सतरा वर्षांखालील. 2017 मध्ये मुलांचा. 10 ऑक्टोबरला इराणने जर्मनीला 4-0 असं हरवलं. जर्मनीचा झेंडा गालावर रंगवून आलेले मध्यंतरानंतर इराणकडे वळले, हे मी पाहिलेलं आहे. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने अमेरिकेला 4-1 असं हरवलं. रायन ब्रूस्टरचे तीन गोल. त्याच संघात फिल फोडेन होता. तो पुढे एवढा मोठा होणार हे ओळखलं होतं असं सांगणारे आता मडगावात दर गल्लीत आहेत.

2022 मध्ये मुलींच्या वर्ल्ड कपचे दोन्ही उपांत्य सामने 26 ऑक्टोबरला इथे झाले. कोलंबियाने नायजेरियाला पेनल्टींवर काढलं, स्पेनने जर्मनीला 1-0 असं.

रोनाल्डो आला होता ना?

नाही. 22 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचा सौदी क्लब अल नासर एफसी गोवाविरुद्ध खेळायला आला, रोनाल्डो आला नाही. तिकिटं काढताना अर्ध्या गोव्याला आशा होती. सामना अल नासरने 2-1 असा जिंकला, पण गोव्याचा गोल ब्रायसन फर्नांडिसने केला, आपल्या मातीतल्या पोराने. माझ्या भाच्याच्या लक्षात तोच राहिला आहे. त्याच्या आठच दिवस आधी, 14 ऑक्टोबरला, याच मैदानावर भारत सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

फुटबॉलखेरीज आता काय होतं?

26 ऑक्टोबर 2023 रोजी 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते इथे झालं. बाकी मुख्यतः फुटबॉलच.

मॅच बघायला यायचं तर काय लक्षात ठेवायचं?

गाडी लांब लावा आणि चालत या. बाहेर रस ऑम्लेटचा (रश्श्यातल्या ऑम्लेटचा) गाडा दिसला तर मॅचआधीच खा, नंतर पाव संपतात. हरलो तर भूक राहत नाही, हा भाग वेगळा.

त्या कट्टीमणीचं पुढे काय झालं?

हा प्रश्न पाहुणे विचारत नाहीत, गोवेकरच एकमेकांना विचारतात. तो पुढे हैदराबादकडे गेला. 20 मार्च 2022 रोजी तो पुन्हा फायनलसाठी याच मैदानात उतरला. समोर केरळ ब्लास्टर्स. दोन वर्षांनी प्रेक्षकांना दरवाजे उघडले होते आणि केरळहून आलेल्या लोकांनी गॅलऱ्या पिवळ्या करून टाकल्या होत्या. केरळने 68 व्या मिनिटाला गोल केला. 88 व्या मिनिटाला हैदराबादची बरोबरी झाली, ती केली साहिल ताव्होराने, तोही गोव्याचाच. जादा वेळेत काही झालं नाही आणि पेनल्टी आल्या.

कट्टीमणीने तीन अडवल्या. हैदराबाद 3-1 असं जिंकलं. सहा वर्षांपूर्वी ज्या मैदानावर चेंडू त्याच्या अंगाला लागून आत गेला होता, त्याच मैदानावर सगळा संघ आता त्याच्या अंगावर पडला होता. आमच्या घरात कोणाचंच हैदराबादशी काही नातं नाही, तरी आई टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवत होती.